श्रमाने दुखावलेले स्नायू आणि अंगमर्दन

देशावर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करण्याची प्रथा आहे. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद व तूप लावून ते हलक्या हाताने मळले जातात, आणि पोळ्याच्या दिवशी त्या खांद्यांवर जू ठेवले जात नाही. मर्दन आणि विश्रांती या दोहोंची सांगड या प्रथेत घातलेली दिसते. जनावराच्या बाबतीत इतका विचार करणारा शेतकरी स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र उदासीन असतो. भातलावणीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंबर धरली की रात्री घरच्या मुलाकडून ती तुडवून घ्यावयाची व पहाटे पुन्हा चिखलात उतरावयाचे, हीच बहुतेक ठिकाणची रीत आहे. या रीतीने कधी आराम पडतो, कधी दुखणे वाढते, आणि क्वचित प्रसंगी जिवावरही बेतते. तेव्हा मर्दन केव्हा करावे, कसे करावे आणि केव्हा मुळीच करू नये, हे ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

गिरणगावचा अनुभव

या विषयाचा विचार करताना मुंबईच्या लालबाग, परळ, दादर व गिरगाव या भागांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. शेतीच्या पत्रिकेत मुंबईचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या भागांत घाम गाळणारे बहुसंख्य हात मूळचे शेतकऱ्यांचेच होते. 1854 साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढे परळ-लालबागच्या परिसरात एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या व त्या भागास गिरणगाव हे नाव पडले. तेथील कामगार मुख्यतः रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतून आलेले होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सामील झाले होते. त्यानंतरच्या काळात बहुतेक गिरण्या बंद पडल्या. परंतु श्रमिकांच्या शरीराविषयी त्या वस्तीने जे शिकविले ते आजही उपयोगी आहे.

शेतातील श्रम ऋतूप्रमाणे बदलतात. नांगरणीत खांदे व हात, लावणीत कंबर, कापणीत मनगट आणि झोडणीत पाठ अशी आळीपाळीने कसोटी लागते. गिरणीत तसे नव्हते. मागावरचा विणकर बारा महिने तासन्‌तास उभा राहून धोट्यातील कांडी बदलीत असे व तुटलेला धागा जोडीत असे. काम वरवर हलके दिसले तरी तीच हालचाल दिवसातून शेकडो वेळा होई. एकदाच उचललेल्या मोठ्या ओझ्याने जसा स्नायू दुखावतो, तसाच तो अगदी हलक्या पण अखंड चालणाऱ्या हालचालीनेही दुखावतो. आज दादर स्थानकावर डब्यांनी भरलेले लांबट खोके डोक्यावर घेऊन गर्दीतून वाट काढणारा डबेवाला पाहावा. तोही बहुधा मावळ, खेड, आंबेगाव किंवा जुन्नर या भागातील शेतकरी कुटुंबातलाच असतो, आणि त्याच्या मानेचे व खांद्याचे दुखणे हे शेतकऱ्याच्या दुखण्याचेच सख्खे भावंड असते.

या एवढ्याशा परिसरात मर्दनाच्या तीन रीती शेजारी शेजारी नांदल्या. पहिली रीत तालमीची. घाटावरून आलेल्या कामगारांनी आपल्याबरोबर लाल मातीचे आखाडे आणले. दादरला शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिरासारखी संस्था 1925 सालापासून मल्लखांब व व्यायामाचे शिक्षण देत आली आहे. तालमीत मेहनत, मर्दन, खुराक व झोप यांचा क्रम वस्ताद लावून देतो. नुसत्या मालिशीने कोणी मल्ल होत नाही, हे तेथील पहिल्या दिवसाच्या पोरालाही ठाऊक असते. दुसरी रीत गिरगाव चौपाटीवरील तेलमालिशवाल्याची. दिवसभर थकलेल्या माणसास घटकाभर सुख देणे हे तिचे काम, आणि ते ती चोख करते. तिसरी रीत परळच्या के. ई. एम. रुग्णालयाची. 1926 साली सुरू झालेल्या या रुग्णालयात 1950 च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे, म्हणजेच फिजिओथेरपीचे, शिक्षण सुरू झाले. तेथील रीतीत प्रथम दुखणे कोणते ते तपासले जाते, मग हात लावला जातो, आणि शेवटी रोग्याकडून व्यायाम करून घेतला जातो.

या तिन्ही रीतींतून आपल्यापुरते सार काढावयाचे तर ते असे: आधी ओळख, मग हात, मग हालचाल. पुढील विवेचन याच क्रमाने केले आहे.

स्नायू दुखतो तेव्हा आत काय होते

स्नायू हा अत्यंत बारीक तंतूंच्या जुड्यांचा बनलेला असतो व तो कंडरेच्या योगे हाडास जोडलेला असतो. सवय नसलेले किंवा सवयीपेक्षा फार अधिक काम पडले म्हणजे या तंतूंना सूक्ष्म इजा होते. विशेषतः स्नायू लांबत असताना त्यावर भार पडला तर ही इजा अधिक होते. घाट चढण्यापेक्षा उतरल्यावर मांड्या अधिक दुखतात, त्याचे कारण हेच. अशी वेदना श्रमाच्या वेळी फारशी जाणवत नाही. ती दुसऱ्या दिवशी सुरू होते, एक ते तीन दिवस जोर करते आणि बहुधा आठवड्याच्या आत आपोआप मावळते. स्नायूत साठलेल्या आम्लामुळे दुसऱ्या दिवशी अंग दुखते, असे पुष्कळ लोक सांगतात. ते बरोबर नाही. श्रमाच्या वेळी तयार होणारे ते द्रव्य विश्रांती मिळताच तास-दोन तासांत रक्तातून निघून जाते.

दुसरा प्रकार कंडरांच्या दुखण्याचा होय. कुऱ्हाड, विळा किंवा छाटणीची कात्री दिवसचे दिवस चालविणाऱ्याच्या कोपराच्या बाहेरील बाजूस, हाताने धारा काढणाऱ्याच्या अंगठ्याच्या मुळाशी, आणि आंबे उतरविताना सतत हात वर ठेवणाऱ्याच्या खांद्यात हे दुखणे मुरते. ते हळूहळू येते व हळूहळूच जाते. त्यास सहा आठवड्यांपासून कित्येक महिने लागू शकतात, म्हणून धीर सोडू नये.

तिसरा प्रकार अकस्मात दुखापतीचा. उसण भरणे, पाय मुरगळणे, मुका मार बसणे किंवा स्नायू फाटणे हे यात येतात. या तिन्ही प्रकारांना उपाय एकच नाही, आणि बहुतेक नुकसान त्यांची गल्लत केल्याने होते.

मर्दनाने काय साधते, काय साधत नाही

मर्दनाची प्रशंसा आपल्या परंपरेत जुनी आहे. वाग्भटाने दिनचर्येत नित्य अभ्यंग सांगितला आहे. परंतु त्याच ठिकाणी अजीर्ण झालेल्या व कफाने ग्रासलेल्या माणसास तो वर्ज्यही केला आहे. म्हणजे मर्दन सर्वांना सर्वकाळ हितकर, असे प्राचीनांनीही मानलेले नाही.

आधुनिक संशोधनानेही असाच मर्यादित कौल दिला आहे. 2012 साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी अकरा तरुणांना थकेपर्यंत व्यायाम करावयास लावून त्यांच्या एकाच पायास दहा मिनिटे मालिश केली व दोन्ही पायांच्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. मालिश केलेल्या पायात दाह वाढविणाऱ्या घडामोडी कमी आढळल्या. आम्ल निघून जाण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही पायांत फरक दिसला नाही. प्रयोग लहान होता. तरी श्रमानंतरचे मर्दन दुखणे काहीसे कमी करते, या अनुभवास त्याने दुजोरा दिला.

यावरून असे म्हणता येईल की, मर्दनाने वेदना हलकी होते, आखडलेला स्नायू सैल पडतो, झोप चांगली लागते व हालचाल करण्याचे धैर्य येते. परंतु मर्दनाने फाटलेला तंतू सांधत नाही, सरकलेले हाड बसत नाही आणि दुबळा स्नायू बळकट होत नाही. ते काम काळ, योग्य आहार आणि क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम यांचे आहे.

मर्दन कसे करावे

जेवणानंतर निदान दीड-दोन तास जाऊ द्यावेत. मर्दन करणाराने नखे कापावी, अंगठी व कडे काढून ठेवावे, हात स्वच्छ धुऊन कोरडे करावे. ज्यास मर्दन करावयाचे त्यास सतरंजीवर किंवा बाजेवर निजवून दुखरा अवयव उशीने किंवा घडी केलेल्या घोंगडीने सैल टेकवावा. लोंबकळणारा किंवा ताणलेला अवयव मळू नये. तिळाचे किंवा खोबरेल तेल थोडेच घ्यावे. कोमट करावयाचे असल्यास आपल्या मनगटावर थेंब टाकून त्याची उष्णता पाहावी. तेल केवळ हात सरकावा म्हणून आहे. ते कातडीतून आत जाऊन स्नायू दुरुस्त करते, असे समजू नये.

1. प्रथम पंज्याने लांब व हलके हात फिरवावेत. हाताची दिशा पायाकडून मांडीकडे, मनगटाकडून खांद्याकडे, म्हणजे हृदयाच्या दिशेने असावी. यास दोन मिनिटे पुरेत.

2. मग भाकरीचे पीठ मळावे त्याप्रमाणे स्नायू दोन्ही हातांनी उचलून, दाबून, सोडून मळावा. हाड चोळू नये, मांसल भागच धरावा. यास चार-पाच मिनिटे द्यावीत.

3. मळताना एखाद्या ठिकाणी सुतळीच्या गाठीसारखा घट्ट भाग लागल्यास तेथे अंगठा स्थिर ठेवून वीस ते तीस सेकंद सावकाश दाब द्यावा. गाठ सैल पडू लागली की दाब कमी करावा. ती फोडण्याचा हट्ट धरू नये.

4. शेवटी पुन्हा दोन मिनिटे हलके हात फिरवावेत.

5. लगेच त्या अवयवाची सावकाश पूर्ण हालचाल करवावी. पोटरी असेल तर पाऊल वरखाली, खांदा असेल तर हात गोलाकार.

एका भागास दहा मिनिटे पुष्कळ झाली. दाब किती असावा याचे माप मर्दन करणाराच्या बळावर नसून घेणाराच्या चेहऱ्यावर आहे. असह्य वेदना सोळा आणे मानली, तर मर्दनाची वेदना चार आण्यांच्या पुढे जाऊ देऊ नये. माणूस श्वास रोखू लागला, दात आवळू लागला किंवा अंग चोरू लागला, की हात हलका करावा. दुसऱ्या दिवशी काळेनिळे डाग उठले तर मर्दन चुकले, असे खुशाल समजावे. जितके दुखेल तितके गुणकारी, ही समजूत सर्वस्वी खोटी आहे.

गळ्याची पुढील व बाजूची जागा, काख, जांघ, कोपराच्या आतील व गुडघ्याच्या मागील खोलगट भाग येथे दाब देऊ नये, कारण तेथून मोठ्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू जातात. पाठीच्या कण्यावर थेट दाब देऊ नये; कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल पट्ट्याच मळाव्यात.

दोन प्रथांबद्दल येथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. मुलास पाठीवर उभे करून पाठ तुडवून घेण्याची प्रथा, विशेषतः वयस्कर स्त्रियांच्या बाबतीत, धोक्याची आहे. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात व अशा भाराने मणका दबू शकतो. तसेच डोक्याची चंपी झाल्यावर झटका देऊन मान मोडण्याची जी पद्धत शहरात व गावात सारखीच आढळते, ती सोडून द्यावी. अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस इजा होऊन अर्धांग झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. चंपी जरूर घ्यावी. मान मोडून घेऊ नये.

मर्दन केव्हा करू नये

ताज्या दुखापतीवर पहिले दोन ते तीन दिवस मर्दन करू नये व शेकूही नये. थंड पाण्याची घडी ठेवावी, पट्टी बांधावी व अवयव उंच टेकवून ठेवावा. कोपरास मार लागल्यावर लगेच जोराने चोळल्यास स्नायूमध्ये हाडासारखा कठीण थर धरतो व कोपर कायमचा आखडू शकतो. लहान मुलांच्या बाबतीत हा धोका मोठा आहे. हाड मोडल्याची शंका असेल, तर हात लावण्यापूर्वी क्ष-किरण तपासणी झालीच पाहिजे.

पुढील लक्षणे दिसल्यास दुखणे स्नायूंचे नाही असे धरून चालावे व तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

1. पावसाळ्यात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे. हे लेप्टोस्पायरोसिसचे चिन्ह असू शकते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या लहानशा जखमेवाटे, हा रोग शिरतो. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ उद्भवली होती. कोकणातील भातखाचरांतही त्याची भीती दर पावसाळ्यात असते. लावणीच्या दिवसांत पोटऱ्या दुखणे इतके नित्याचे वाटते की, घरची माणसे तेल लावून पाय चेपीत बसतात आणि औषधाचे मोलाचे दिवस निघून जातात. वेळेवर उपचार झाल्यास रोगी बरा होतो. उशीर झाल्यास मूत्रपिंड, यकृत व फुप्फुसे यांस अपाय होऊन प्राण जाऊ शकतो.

2. एकाच पायाची पोटरी सुजणे, गरम लागणे व दुखणे. शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा संभव असतो.

3. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम फुटणे. ही खांद्याची उसण नव्हे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

4. कडक उन्हात अतिश्रम झाल्यानंतर स्नायू फार दुखणे व लघवी गडद तपकिरी होणे.

5. पाठदुखीबरोबर पायात बधिरपणा किंवा दुबळेपणा येणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे.

मधुमेही माणसाच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. त्याच्या पायांना गरम वीट किंवा वाळूच्या पुरचुंडीने शेक देऊ नये. भाजलेले त्यास कळत नाही. गर्भवती स्त्रीचे पोट व कंबर अनभ्यस्त हाताने मळू नये.

मर्दनानंतरची हालचाल

पूर्ण विश्रांती एक-दोन दिवसांहून अधिक घेऊ नये. नंतर दुखणे फार वाढणार नाही अशा बेताने हलके काम सुरू करावे. कोपराच्या जुन्या दुखण्यासाठी अर्धा लिटर पाण्याने भरलेली बाटली हातात धरून, हात मांडीवर टेकवून, मनगट सावकाश खाली सोडावे व दुसऱ्या हाताच्या आधाराने वर आणावे. असे दहा-पंधरा वेळा, तीन पाळ्यांत, एक दिवसाआड करावे. रात्री पायात गोळा आल्यास पावलाची बोटे आपल्याकडे ओढून पोटरी ताणावी, मग हलका हात फिरवावा व पाणी प्यावे.

परंतु दुखणे पुन्हा पुन्हा येत असेल, तर दोष शरीरात नसून कामाच्या पद्धतीत आहे, हे ओळखले पाहिजे. मुंबईच्या बाजारातील हमालांनी शंभर किलोंची पोती वर्षानुवर्षे पाठीवर वाहिली. अशा कष्टकऱ्यांसाठी 1969 साली माथाडी कायदा झाला, आणि पोते पन्नास किलोंचेच असावे ही मागणीही पुढे आली. पाठीला रोज तेल चोळण्यापेक्षा पोत्याचे वजन निम्मे करणे हा खरा उपाय होय. शेतातही तसेच आहे. लावणी करताना दर अर्ध्या तासाने उभे राहून, कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा मागे वाकावे. निंदणीसाठी शक्य तेथे उभ्याने चालविण्याचे सायकल कोळपे वापरावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला वैभव विळा भातकापणीस व नूतन झेला आंबे उतरविण्यास सोयीचा आहे. उन्हाळ्यात अंग सुटलेले असते. म्हणून मृगापूर्वी पंधरा दिवस काम थोडे थोडे वाढवीत न्यावे. पहिल्याच दिवशी पूर्ण दिवसाची लावणी अंगावर घेऊ नये.

ग्रामसेवकांनी काय करावे

लावणीपूर्वीच्या सभेत बी-बियाण्यांच्या चर्चेबरोबर या विषयासही अर्धा तास द्यावा. गावातील तालमीचे वस्ताद व प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी या दोघांना एकत्र बोलावून मर्दनाचे प्रात्यक्षिक ठेवावे. वस्तादांच्या हातातील कसब आणि डॉक्टरांची रोगपरीक्षा यांचा मेळ बसला तर गावाचे हित होईल. लावणी, निंदणी व घरकाम यांचा सर्वाधिक भार स्त्रियांवर पडतो. त्यांच्यासाठी आशा सेविकांच्या मदतीने स्वतंत्र प्रात्यक्षिक ठेवणे श्रेयस्कर. वर दिलेली पाच धोक्याची लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत. गावात सांधे व हाडे बसविणारे जाणते गृहस्थ असल्यास त्यांचा अवमान न करता, ताजी सूज व मोडलेले हाड यांस हात न लावता रोग्यास पुढे पाठविण्याची विनंती त्यांना करावी.

बैलाचा खांदा सुजला तर शेतकरी आधी जू उतरवितो, मग खांदा पाहतो, आणि मगच त्यास तेल-हळद लावतो. इतकाच विवेक त्याने स्वतःच्या व घरच्या माणसांच्या शरीराच्या बाबतीत दाखवावा. तेलाची वाटी हाती घेण्यापूर्वी अंगात ताप आहे का, सूज आहे का, मार लागला आहे का, एवढे तीन प्रश्न प्रत्येक घरात विचारले जाऊ लागले, तर पुष्कळ दुखणी लवकर बरी होतील आणि काही माणसे वाचतील.